विश्लेषण : हिरड्यांतून रक्त येते, तरी दवाखाना का आठवत नाही? तोंडातील जिवाणूंचे शरीराशी नाते काय?

सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लालसर थुंकी दिसली, तर बहुतेक घरांत दोन चुळा भरून विषय संपतो. तेवढेच रक्त लघवीतून किंवा कानातून आले असते, तर त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली गेली असती. दाता-हिरड्यांचे दुखणे किरकोळ असते, ही समजूत फक्त रुग्णांची नाही. ती वैद्यकीय शिक्षणात, विमा पॉलिसीत आणि सरकारी आरोग्य कार्यक्रमांतही मुरली आहे. गेल्या काही दशकांतील संशोधन मात्र वेगळे सांगते. तोंडातील जिवाणू तोंडापुरते राहत नाहीत. त्यांच्याबद्दल अतिरंजित दावेही बरेच होतात. पण ते सगळे बाजूला ठेवले, तरी जे उरते तेवढेच भारतासारख्या मधुमेहग्रस्त देशाला जागे करण्यास पुरेसे आहे.

तोंडात नेमके कोण राहते?

हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर खरवडून घरीच घडवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला त्यात वळवळणारे असंख्य जीव दिसले. आपल्या देशात जेवढी माणसे नाहीत तेवढे जीव आपल्या तोंडात आहेत, असे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. जिवाणू पाहिल्याच्या जगातील पहिल्या नोंदींपैकी ही एक आहे आणि ती तोंडातल्या जिवाणूंची आहे.

आजवर माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक प्रजाती आढळल्या आहेत. शरीरात आतड्याखालोखाल एवढी विविधता तोंडातच सापडते. एकाच माणसाच्या तोंडात अर्थातच यातील काही प्रजाती असतात. जिभेच्या पाठीवर, गालाच्या आतून, दातांच्या गुळगुळीत भागावर आणि दात-हिरडी यांमधल्या खाचेत निरनिराळ्या वसाहती असतात. हिरडीच्या खाचेत प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही. तिथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू ठाण मांडतात. जिभेच्या टोकावर त्यांचा निभाव लागत नाही.

हे जिवाणू सुटे फिरत नाहीत. दातावर ते एकमेकांना चिकटून, चिकट आवरणात राहतात. याच थराला दंतवैद्य ‘प्लाक’ म्हणतात. या आवरणामुळे औषध आत शिरत नाही, चूळ भरून थर निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो. निरोगी तोंडातही जिवाणू असतातच आणि त्यातील बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. जागा आधीच व्यापून ठेवल्याने ते बाहेरून येणाऱ्या घातक जंतूंना थारा देत नाहीत. बिघाड होतो तो या वसाहतींचा समतोल ढळला की.

मग दात किडतात कशामुळे?

‘दाताला कीड लागली’ हा शब्दप्रयोग जुन्या समजुतीतून आला आहे. दातात अळी असते आणि रिंगणीच्या बियांची धुरी दिली की ती बाहेर पडते, असे गावोगाव मानले जाई. अळी नसते. पण काहीतरी जिवंत दात पोखरते, ही कल्पना अगदीच चुकीची नव्हती. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या सान्निध्यात काम केलेले अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये ती शास्त्रीय पायावर मांडली. तोंडातील जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते दाताचे कठीण आवरण विरघळवते, असे त्यांनी दाखवले. या कामात आघाडीवर असलेला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा जिवाणू १९२४ मध्ये ओळखला गेला.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधील आम्लता वाढते. तिचे पीएच मूल्य सुमारे ५.५ च्या खाली गेले की दातातून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ हे आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परत भरते. म्हणजे प्रश्न फक्त किती साखर खाल्ली याचा नाही; ती किती वेळा खाल्ली याचाही आहे. जेवणानंतर एकदाच श्रीखंड खाणाऱ्यापेक्षा दिवसभरात सहा वेळा साखरेचा चहा आणि मध्ये मध्ये बिस्किटे खाणाऱ्याच्या दातांना सावरायला वेळ मिळत नाही. रात्री तोंडात गोड दुधाची बाटली धरून झोपणाऱ्या बाळाचे पुढचे दात काळे पडतात, त्याचे कारणही हेच. झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल रात्रभर दातांवर राहते.

डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत पाच-दहा रुपयांची गोड पाकिटे आणि शीतपेये वाडी-वस्तीवरच्या दुकानापर्यंत पोहोचली. त्यांना आळा न घालता शाळेत फक्त ‘दात घासा’ सांगत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

हिरड्यांचा आजार गुपचूप का वाढतो?

किडलेला दात ठणकतो, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हिरड्यांचा आजार बहुधा दुखतच नाही. हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे आधी हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. या टप्प्यावर नीट स्वच्छता केली तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर थरात लाळेतील खनिजे बसून त्याचे कीटण होते. ते ब्रशने निघत नाही. त्याच्या आड हिरडी दातापासून सुटते, खोल खाच तयार होते आणि तिथे ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’सारखे जिवाणू बळावतात. त्यांच्याशी लढताना शरीराने सुरू केलेला दाहच दाताला धरून ठेवणारे हाड झिजवतो. लोक याला ‘पायोरिया’ म्हणतात. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही.

तंबाखू हा आजार आणखी लपवते. धूम्रपानामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा आकसतो. त्यामुळे रक्त कमी येते आणि आतून हाड झिजत असताना हिरडी बरी दिसते. धूर नसलेली तंबाखूही हिरड्यांना सोडत नाही. ती जिथे धरून ठेवली जाते तिथली हिरडी मागे सरकते. महाराष्ट्रात याला वेगळे महत्त्व आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातील धूम्रपानाचे प्रमाण देशाच्या तुलनेत कमी, पण धूररहित तंबाखूचे सुमारे २४ टक्के होते. त्यात मशेरी आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून हिरड्यांवर चोळली जाते. दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून दोन-तीनदा तंबाखू घेणाऱ्या बाईला व्यसनी म्हणत नाहीत, म्हणून तिची तपासणीही होत नाही.

आणखी एक गैरसमज नुकसान करतो. स्केलिंग केले की दात हलू लागतात, असे अनेक जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना टेकलेले असतात. थर काढल्यावर फटी उघड्या पडतात आणि आजार दिसू लागतो. दोष उपचाराच्या माथी जातो.

तोंडातले जिवाणू हृदयापर्यंत कसे पोहोचतात?

सुजलेल्या हिरडीच्या खाचेचे अस्तर फाटके असते. चावताना, दात घासताना तिथून जिवाणू रक्तात शिरतात. निरोगी माणसात रोगप्रतिकारशक्ती त्यांना काही मिनिटांत संपवते. पण ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा झडपेला आधी संसर्ग होऊन गेला आहे, त्यांच्यात हेच जिवाणू झडपेवर घर करू शकतात. हा संसर्ग जीवघेणा ठरतो. म्हणून अशा रुग्णांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देतात. तोंड आणि हृदय यांच्यातील हा दुवा निर्विवाद आहे.

रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या आजाराशी हिरड्यांचे नाते त्याहून गुंतागुंतीचे आहे. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार अधिक दिसतो आणि धूम्रपान, मधुमेह वगैरे कारणे वजा केली तरी काही संबंध उरतो. मात्र हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकाराचा झटका टळतो असा पुरावा नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून स्पष्ट केले होते. ‘दात घासा, हार्ट अटॅक टाळा’ असे सांगणाऱ्या जाहिराती त्यामुळे पुराव्याच्या पुढे धावतात.

दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा मुद्दा मात्र उरतो. मध्यम ते तीव्र आजारात हिरडीच्या आतल्या सुजलेल्या भागाचे क्षेत्रफळ एकूण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा एक शास्त्रीय अंदाज आहे. एवढी जखम टाचेवर असती तर मधुमेही माणसाच्या घरात धावपळ उडाली असती. तोंडातली तेवढीच जखम वर्षानुवर्षे उघडी राहते.

मधुमेहाशी दुहेरी नाते काय?

पुरावा सर्वात भक्कम आहे तो इथे. रक्तातील साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद घटते, जखमा उशिरा भरतात आणि हिरड्या लवकर बिघडतात. हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हणावे, असे संशोधक हाराल्ड ल्यो यांनी १९९३ मध्येच सुचवले होते. उलट दिशेने, हिरड्यांतील दाहामुळे रक्तात सुटणारी रसायने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. एक बिघडले की दुसरे बिघडते.

मग हिरड्या सुधारल्या तर साखर सुधारते का? या प्रश्नावर झालेल्या ३५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. हिरड्यांखालची सखोल सफाई केलेल्या मधुमेहींचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे मोजमाप, तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्के बिंदूंनी कमी झाले. ही घट छोटी वाटते. पण साखर आटोक्यात नसताना डॉक्टर जेव्हा आणखी एक गोळी वाढवतात, तेव्हा मिळणाऱ्या फायद्याच्या ती फार मागे नाही. शिवाय दात वाचतात, चावता येते. ज्याला चावता येत नाही तो भाकरी, उसळी, कोशिंबीर सोडून मऊ भात आणि चहात बुडवलेल्या पावावर येतो. मधुमेहीसाठी याहून वाईट आहार कोणता?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या रुग्णांचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय नियमित तपासावेत, हे आता सर्वमान्य आहे. ‘हिरड्यांतून रक्त येते का? दात हलतात का?’ हे दोन प्रश्न मात्र किती मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यांत विचारले जातात? आणि हिरड्या वारंवार सुजलेल्या दिसल्यावर किती दंतवैद्य रुग्णाला साखर तपासायला पाठवतात? दोन्हीला वेगळे यंत्र लागत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा धोका वेगळा का?

रक्ताखेरीज जिवाणूंना दुसरी वाट आहे, श्वासाची. गिळण्याची ताकद कमी झालेल्या वृद्धांच्या, पक्षाघाताच्या किंवा बेशुद्ध रुग्णांच्या फुप्फुसांत लाळ उतरते आणि तिच्याबरोबर तोंडातले जिवाणूही. त्यातून न्यूमोनिया होतो. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित तोंडाची स्वच्छता केलेल्या वृद्धांत न्यूमोनिया कमी आढळला. रुग्णालयांतील १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ च्या अखेरीस ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. रुग्णांचे दात रोज घासल्यास रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि सर्वाधिक फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना अंघोळ घातली जाते, कपडे बदलले जातात, औषधे वेळेवर दिली जातात. त्यांचे तोंड मात्र ओल्या फडक्याने पुसले तर पुसले. कवळी रात्रीसुद्धा तोंडातच राहते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. रात्री कवळी काढून घासून पाण्यात ठेवणे याला खर्च शून्य आहे. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत ही एक ओळ असायला हवी.

कर्करोग आणि अल्झायमरबद्दलचे दावे किती खरे?

समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरतात ते हेच दावे. ‘फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लियाटम’ हा तोंडातला जिवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत सापडतो, हे दोन स्वतंत्र गटांनी २०११ मध्ये दाखवले. त्यातील एक विशिष्ट उपप्रकार तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींत असल्याचे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. हा जिवाणू गाठीच्या वाढीला मदत करतो, असे प्रयोगशाळेतील पुरावे आहेत. पण तो कर्करोगाची सुरुवात करतो की आधी झालेल्या गाठीत आसरा घेतो, याचा निवाडा पूर्ण झालेला नाही.

अल्झायमरची कथा अधिक बोलकी आहे. हिरड्यांच्या आजारातील ‘जिंजिव्हॅलिस’ जिवाणूची विकरे अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळल्याचा शोधनिबंध २०१९ मध्ये आला आणि जगभर मथळे झाले. ही विकरे रोखणारे औषध तयार झाले, मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचा निकाल निराशाजनक लागला. स्मृतिभ्रंशाची घसरण ठरवलेल्या निकषांवर थांबली नाही. गर्भारपणातही असेच झाले. हिरड्यांचा आजार आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, पण गर्भारपणात हिरड्यांवर उपचार करून मुदतपूर्व प्रसूती कमी झाली नाही, असे मोठ्या अमेरिकी चाचणीत आढळले. उपचार आईसाठी सुरक्षित आणि हिताचे ठरले, एवढे मात्र नक्की.

हा संयम राखण्याचे ऐतिहासिक कारणही आहे. १९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलमधील व्याख्यानात तोंडातील संसर्गाला अनेक आजारांचे मूळ ठरवले. पुढची दोन-तीन दशके संधिवातापासून मानसिक आजारांपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून अमेरिकेत आणि युरोपात सरसकट दात उपटले गेले. रुग्ण बोळके झाले, आजार तसेच राहिले. त्या अतिरेकाची प्रतिक्रिया म्हणून वैद्यकाने तोंडाकडे पाठच फिरवली. आज पुन्हा अतिशयोक्ती झाली, तर तिची किंमत खऱ्या पुराव्यालाही मोजावी लागेल.

सगळे जिवाणू मारून टाकले तर?

बाजारात ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हा दावा खपतो. पण तोंड निर्जंतुक करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पालक, मेथी, मुळा, बीट यांत नायट्रेट असते. ते आतड्यातून रक्तात आणि तिथून लाळेत येते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. माणसाच्या पेशींना हे काम फारसे जमत नाही. या नायट्राइटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, जे रक्तवाहिन्या सैल ठेवते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १९ निरोगी व्यक्तींनी आठवडाभर क्लोरहेक्झिडीनचा माउथवॉश वापरला. त्यांचा वरचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वाढला. अभ्यास लहान आहे, त्यावरून घाबरण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डॉक्टरांनी सांगितलेला माउथवॉश जरूर वापरावा. पण केवळ जाहिरात पाहून महिनोन्‌महिने जहाल जंतुनाशकाने चुळा भरण्यात शहाणपण नाही.

तोंड शरीरापासून वेगळे कधी पडले?

जगातील पहिले स्वतंत्र दंतवैद्यक महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निघाले. तेव्हापासून दात एका शाखेकडे आणि उरलेले शरीर दुसरीकडे, अशी वाटणी रूढ झाली. दंतवैद्यकाची त्यातून प्रचंड प्रगती झाली, पण मधली भिंतही पक्की झाली. एमबीबीएस झालेला डॉक्टर घसा पाहताना जीभ दाबतो, हिरड्या ओलांडून पुढे जातो. आरोग्य विम्यात अपघातासारखे अपवाद सोडले, तर बहुतेक पॉलिसी दंतोपचार वगळतात. परिणामी साधी सफाई पुढे ढकलली जाते आणि नंतर रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांटचा खर्च खिशातून होतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे दात न जपल्याने घराचे अंदाजपत्रक कोलमडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतातही राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. कागद कमी नाहीत. अडचण आहे ती हा कार्यक्रम स्वतंत्र खोलीत चालतो याची.

नेमके काय बदलता येईल?

यासाठी नवी इमारत किंवा नवे खाते लागत नाही. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींचा मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग तपासला जातो. म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्याने माणसाचे तोंड उघडून पाहणे आणि बोटातून साखर पाहणे, दोन्ही कामे एकाच कार्यक्रमात आहेत. त्याच वेळी हिरडी लाल आहे का, दात हलतो का, मशेरी लावता का, एवढी नोंद करून साखर वाढलेल्या रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवण्याची चिठ्ठी देता येईल. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांत प्राथमिक मौखिक आरोग्यसेवा आहेच.

यावर आक्षेप रास्त आहे : आशा सेविका आणि आरोग्य केंद्रे आधीच कामाखाली दबली आहेत आणि चिठ्ठी दिली तरी ग्रामीण भागात दंतवैद्य कुठे? देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत, दरवर्षी हजारो दंतवैद्य बाहेर पडतात आणि त्यातील मोठा वर्ग शहरांतील दाटीत काम शोधतो. तालुक्याच्या रुग्णालयात पदे निर्माण करून ती भरणे, हा पैशांपेक्षा प्राधान्याचा प्रश्न आहे. विमा नियामकानेही मधुमेहींच्या पॉलिसीत वर्षातून एकदा हिरड्यांची तपासणी आणि सफाई समाविष्ट करण्याचा विचार करावा. मधुमेहाच्या पुढच्या गुंतागुंतींवरच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

घरात काय करता येईल?

दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. ब्रश हिरडीच्या कडेवरून फिरायला हवा. दोन दातांमधली जागा दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने साफ करावी. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. थर राहिल्याने रक्त येते, थर गेला की ते थांबते. व्यवस्थित घासूनही आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. मधुमेह, हृदयाची कृत्रिम झडप, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ते त्यांना आधी सांगावे. गोड पदार्थ जेवणाबरोबर खावा, दिवसभर चघळू नये. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. मशेरी बंद करावी.

या यादीत महागडे काहीच नाही. हिरड्यांची काळजी घेतल्याने हृदयविकार किंवा विस्मृती टळेल, असे वचन आज कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. पण दात टिकतील, मधुमेह आटोक्यात ठेवायला हातभार लागेल आणि अंथरुणावरच्या वृद्धाचा न्यूमोनिया टळण्याची शक्यता वाढेल, एवढे पुराव्यानिशी सांगता येते. बेसिनमधले रक्त डॉक्टरांना सांगण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.